अर्जात आधी विचारा, मुलं हाताने काय करणार?

विज्ञानाच्या प्रयोगांसाठी मिळणाऱ्या लहान अनुदानातून शाळेत एकदाच सामान येतं आणि पुढे कपाटात पडून राहतं, अशी तक्रार असते आणि ती मला पटते. माझ्या मते गडबड अनुदानाच्या अर्जापासूनच सुरू होते. अनेक अर्जांत 'काय विकत घेणार' हा रकाना ऐसपैस असतो आणि 'मुलं हाताने काय करणार' याला जेमतेम दोन ओळी. हे उलटं हवं.

फोल्डस्कोपचंच बघा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक मुलं स्वतः घड्या घालून जोडतात आणि त्यातून सुमारे १४० पट मोठं दिसतं. डबक्यातल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवला, की भिंग सरकवत, एक डोळा मिटून बघणारी मुलं जागची हलत नाहीत. मोडलं तर दुसरं घेता येतं, त्यामुळे शिक्षकही बिनधास्त हाताळू देतात. महागडं उपकरण कुलपात राहतं ते मोडण्याच्या धास्तीनेच.

अनुदान देणाऱ्यांना आणखी एक सांगणं. गोंद, तारा, सेल अशा संपणाऱ्या वस्तूंसाठी थोडी रक्कम मागे ठेवायची मुभा द्या, कारण चांगले प्रकल्प बरेचदा तिथेच अडतात. अहवालात पावत्यांसोबत मुलांच्या वहीतल्या आकृत्या आणि फसलेले प्रयोगही आवर्जून मागवा.