छोट्या टेक कंपनीत भागीदार घेताना काय तपासावं? (अनुभव धागा)

बांधावरचा_कोडर
पोळ्याच्या आवराआवरीत कपाटातून जुनं भागीदारीपत्र निघालं. दीड पान, त्यात 'नफा-तोटा निम्मा-निम्मा' एवढंच. म्हणून धागा काढतोय. वरूड-मोर्शीपासून पुसदपर्यंत मोबाइल स्टार्टर (फोनवरून शेतातली मोटार चालू-बंद करणारा डबा), ठिबकचे कंट्रोलर, ओलाव्याचे सेन्सर करणारी पोरं आता दोघांची चौघं होऊ लागलीत. काय तपासायचं ते नेमकं लिहा. 'माणूस चांगला पाहिजे' लिहू नका, तेवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

सातबारा
ते 'निम्मा-निम्मा' लिहिलं नसतं तरी तेच झालं असतं. १९३२ च्या भागीदारी कायद्यात करार गप्प असला की नफा समान, एकाने ५ लाख घातले नि दुसऱ्याने ५० हजार तरी. एलएलपीतही (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करार नसला की समानच. तो करार फॉर्म ३ मधून नोंदणीपासून ३० दिवसांत भरायचा.
साधी फर्म असेल तर ती नोंदवा. नसेल तर कलम ६९ आडवं येतं, पैसे दाबून बसलेल्या डीलरवर करारापोटी दावाच लावता येत नाही. आणि फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार. वाटणीपुरता नव्हे, पूर्ण.

ठेचा_भाकर
सोयरा घेऊ नका बाप्पा. सोयरीकही जाते नि सर्व्हरही 😄

सोल्डर_मास्तर
कागद होतो सगळ्यांचा, चाव्या राहतात. डोमेन कोणाच्या ईमेलवर, सर्व्हरचं बिल कोणाच्या कार्डवर, प्ले स्टोअरचं खातं कोणाचं, ओटीपी कोणाच्या सिमवर? चारही उत्तरं एकाच माणसाची आली तर भागीदारी नाही, मेहेरबानी आहे. कंपनीच्या नावाचा ईमेल काढून सगळं त्यावर घ्या, रिकव्हरी कोड छापून दोघांकडे ठेवा.
स्टार्टरमधली सिमं पाहा. एका माणसाच्या नावावर ९ च चालतात, म्हणून पोरं भाऊ, मेव्हणा, काकू सगळ्यांची आधारं वापरतात. तो भागीदार रुसला की शेतातली मोटार बंद. कंपनीच्या नावाने एम२एम सिम (यंत्रांसाठीचं वेगळं सिम) घ्या, १३ आकडी नंबर असतो त्यांचा.

कपाशी_आणि_कोड
१३ आकडी नंबर ॲपच्या १० आकडी रकान्यात बसत नाही, ते आधी दुरुस्त करा 🙏

जमाखर्च_ताई
सिबिल पाहून माणूस पारखणाऱ्यांनो, नुसता आकडा नका पाहू, रिपोर्ट उघडा. आपल्याकडं पीककर्ज थकलं की स्कोर पडतो, तो पावसाचा दोष. क्रेडिट कार्ड, मोबाइल ॲपवरची कर्जं, दुसऱ्याला दिलेली जामीनकी, हे बघा. बँक मात्र हा फरक करेलच असं नाही, कर्जाला सगळ्यांचंच सिबिल काढते.
दुसरं, जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की समोरच्याने रिटर्न वेळेवर भरलेत का ते फुकटात दिसतं. ई-कोर्ट्सवर (कोर्टातल्या खटल्यांची साइट) नावाने शोधा, इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून. आधी कुठं संचालक असेल तर त्या कंपनीचे हिशोब सलग तीन वर्षं भरायचे राहिलेत का बघा, राहिले असतील तर तो संचालक म्हणून अपात्र ठरतो.
खात्यावर १० हजारांपर्यंत एक सही, वर दोन. आणि क्यूआर फर्मचाच. स्वतःच्या नंबरवर घेतलेला पैसा मार्चमध्ये कोणालाच आठवत नाही.

ठेचा_भाकर
ताई, आमच्याकडं लाइन गेली, बाकी सकाळी वाचतो

रात्रपाळी_फीडर
कागदाआधी एक काम सोबत करा. एकाच गावात २० स्टार्टर, तीन महिने. सामान कोण आणणार, शेतात कोण जाणार ते लिहून, दर शनिवारी हिशोब. माणूस कळतो तो बिघाडात. रिलेचा (मोटार चालू-बंद करणारा स्विच) कॉन्टॅक्ट चिकटला, मोटार बंद होईना, शेतकऱ्याचा रात्री ११ ला फोन. 'माझं सोल्डरिंग कच्चं होतं' म्हणतो की 'व्होल्टेजच तसं' म्हणतो?
जास्त भांडण दोन फेजचं. तीनपैकी एक फेज गेली, प्रिव्हेंटरने (फेज गेली की मोटार बंद करणारा भाग) तोडलं नाही, वाइंडिंग जळालं. भरपाई कोड लिहिणाऱ्याच्या वाट्यातून की बोर्ड बनवणाऱ्याच्या? हे करारात आधी लिहा. आमच्याकडं तर शेतीच्या फीडरवर वीजच रात्री येते, म्हणून फोनही रात्रीच येणार.

सातबारा
कोडचं राहिलं. पगारी नोकराने लिहिलेला कोड साधारण कंपनीचा, पण भागीदार किंवा बाहेरच्या पोराने लिहिलेला आपोआप होत नाही. लेखी हस्तांतरण पाहिजे, सहीनिशी, मुदत नि प्रदेश लिहून. मुदत नाही लिहिली तर ५ वर्षं, प्रदेश नाही लिहिला तर फक्त भारत.

कपाशी_आणि_कोड
नि हिस्सा एकदम देऊ नका. ४ वर्षांत द्या, पहिलं वर्ष भरेपर्यंत काही नाही, मग एक चतुर्थांश, पुढं दरमहा अठ्ठेचाळिसावा भाग. सहा महिन्यांत पुण्याला नोकरी लागली तर निम्मी कंपनी सोबत जात नाही.

संत्राबाग
डीलरलाच भागीदार केलं तर? तसाही 'कापूस विकला की देतो' म्हणतो

जमाखर्च_ताई
देणेकऱ्याला भागीदार? 😅 आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) करा, बिलावर नंबर छापा. माल स्वतः बनवता ना, मग ४५ दिवसांवर उधारी गेली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. ते सांगून बघा, कापूस विकायच्या आधीच पैसे निघतील.

संत्राबाग
त्याच्याच दुकानातून खत उधार आहे ना ताई

ठेचा_भाकर
लाइन आली. मंग कोण कोणाचा देणेकरी झाला?