'सिझिजी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (देवगड):
चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना येणाऱ्या पौर्णिमेस वर्तमानपत्रे 'सुपरमून' म्हणतात, तर नुकत्याच वाचलेल्या एका लेखात तिला 'पेरिजी-सिझिजी' म्हटले होते. पेरिजी म्हणजे उपभू, चंद्राच्या कक्षेतील पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू, हे ठाऊक होते. सिझिजीचा अर्थ मात्र एका शब्दसूचीत नुसता 'युती' असा मिळाला. पौर्णिमेस सूर्य-चंद्र समोरासमोर असतात, मग ती युती कशी? व्यवहारात 'उधाण' म्हटले तर चालेल काय?

प्रतिसाद (रत्नागिरी):
शब्दसूचीतला अर्थ अपुरा आहे. तीन खगोल जवळजवळ एका रेषेत आले की ती सिझिजी. त्यामुळे अमावास्येची युती (सूर्य-चंद्र एकाच दिशेस) आणि पौर्णिमेची प्रतियुती (ते समोरासमोर) या दोन्ही तीत येतात. मूळ ग्रीक शब्दातील 'झायगॉन' म्हणजे जोखड, आणि आपले 'जू' ज्या संस्कृत 'युग' शब्दावरून आले, तो त्याचाच सगोत्र आहे. (नांगर धरणाऱ्यास हा शब्द परका वाटू नये!) चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असल्याने ही रेषा बहुधा काटेकोर नसते, म्हणून दर पंधरवड्यास ग्रहण होत नाही.

प्रतिसाद (अलिबाग):
'उधाण' म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते सिझिजीचे नाव नसून तिचा परिणाम आहे. सूर्याचा भरतीवरील जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्या-पौर्णिमेस दोघांचे जोर एकाच रेषेत पडून पाणी चढते आणि अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात आल्याने भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, लागतो. शिवाय सर्वांत मोठे पाणी त्याच दिवशी न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येते. डोल जाळी लावणारे आमचे कोळी बांधव पाण्याच्या ओढीवर विसंबून असतात, त्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

प्रतिसाद (दापोली):
नवा शब्द घडवण्याची गरजच काय? जुन्या ज्योतिषग्रंथांत सिझिजीच्या क्षणास 'पर्वान्त' म्हणतात. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रांतील 12 अंशांचे अंतर. ते 180 अंश झाले की पौर्णिमा संपते आणि शून्य झाले की अमावास्या. म्हणजे पंचांगात या दोन तिथींच्या समाप्तीची जी वेळ छापलेली असते, तीच सिझिजीची वेळ होय.

प्रश्नकर्ते (देवगड):
आभारी आहे. 'पर्वान्त' पटला, उधाण खाडीपुरते राखून ठेवतो.