ज्यू नाट्य-कला महोत्सव: तारखा आणि सबटायटल्सबद्दल सल्ला हवा

प्रश्न
९ ते १३ जुलै २०२६, गुरुवार ते सोमवार, शहरात ज्यू नाट्य-कला महोत्सव आखतोय. एक यिडिश नाटक (यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा), क्लेझ्मर संगीताची, म्हणजे त्याच ज्यूंच्या लग्नसमारंभांतल्या पारंपरिक वाद्यसंगीताची मैफल आणि चित्रप्रदर्शन. नाटक शनिवारी दुपारी. यिडिश समजणारे प्रेक्षक बोटांवर मोजण्याइतके, म्हणून सबटायटल्स दाखवणार. सभागृहाची आगाऊ रक्कम भरण्याआधी काही बदलावं का?

उत्तर १
आधी तारखा बदला, मग पैसे भरा. २ ते २३ जुलै २०२६ हा जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोककाळ. धर्म पाळणारे ज्यू या तीन आठवड्यांत मैफलीला येत नाहीत. शनिवारची दुपार तर त्याहून वाईट. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताआधी लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो. गाडी, पैसे, मोबाइलवरचं तिकीट, सगळं वर्ज्य. उन्हाळ्यात उत्तर युरोपात तो संपेपर्यंत रात्रीचे दहा वाजून जातात, त्यामुळे 'शनिवारी रात्री ठेवू' हेही तिथे जमत नाही.

रविवार ३० ऑगस्ट ते गुरुवार ३ सप्टेंबर घ्या. त्याहून पुढे ढकलू नका, कारण ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, लागतं. पुढचे तीनेक आठवडे सणांचेच. पोलंडमधल्या वॉर्साचा सिंगर महोत्सवही (तोही ज्यू संस्कृतीचाच) साधारण याच सुमारास असतो, तेव्हा कलाकार मोकळे आहेत ना, ते आधी विचारा. आणि पुढच्या वर्षी याच तारखा डोळे झाकून छापू नका. ज्यू पंचांगाचे महिने चांद्र, १९ वर्षांत ७ अधिक महिने. २०२७ मध्ये रोश हशाना थेट १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी.

उत्तर २
सबटायटल्स एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५-४० अक्षरं. टायमरवर सोडू नका. नटाने एक वाक्य गाळलं की पुढचं सगळं घसरतं. स्लाइड बदलायला माणूस बसवा. त्याला हिब्रू लिपी येत नसेल तर संहिता रोमन लिपीत द्या आणि तालमींना बसवा. संहितेत 'गुट' (चांगलं) असतं, पोलिश वळणाची यिडिश बोलणारा नट 'गिट' म्हणतो आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. विनोदाची शेवटची ओळ वेगळ्या स्लाइडवर ठेवा, नाहीतर नटाने तोंड उघडण्याआधीच हशा. शांततेच्या जागी कोरी स्लाइड.

उत्तर ३
वॉर्साच्या ज्यू थिएटरमध्ये हेडफोनवरून भाषांतर ऐकवण्याची पद्धत रुळलेली आहे. मान वर करावी लागत नाही, पण गाणी मात्र दबतात. गाणी जास्त असतील तर पडद्यावरची सबटायटल्सच बरी.

खाण्याचं: 'मांस नाही म्हणजे कोशर', म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे चालणारं, असं नसतं. प्रमाणपत्राचा शिक्का असलेली सीलबंद पाकिटं आणि कागदी ताटल्या ठेवा. सभागृहाच्या स्वयंपाकघरातली भांडी चालणार नाहीत.