कॉकटिएल आणि बजीसाठी पेलेट कोणतं घेऊ?

रामबागची_मनू
नमस्कार मंडळी, आमच्याकडे एक कॉकटिएल (तुरेवाला छोटा पोपट) आणि बजीची (त्याहून लहान पोपट) जोडी आहे, आत्तापर्यंत दुकानातलं मिक्सच देतोय म्हणजे कांगनी, बाजरी, करडी, सूर्यफूल. कॉकटिएल महाराज त्यातलं फक्त सूर्यफूल वेचून खातात आणि बाकी सगळं घरभर उडवतात. डॉक्टर म्हणाले नुसत्या बियांवर ठेवू नका, पेलेट म्हणजे ते तयार खाद्याचे दाणे सुरू करा, पण नाव काही सांगितलं नाही. दुकानात गेले तर भियाने लाल-पिवळे-हिरवे दाणे दाखवले, फळांचा वास मारतो त्यांना, आणि एक मोठ्या बरणीतलं सुटं, पॅकेटपेक्षा बरंच स्वस्त. ऑनलाइन इम्पोर्टेडचे भाव बघून तर डोकंच फिरलं. काय घेऊ? आणि आमच्या सासूबाई रोज सकाळी पोह्यांवरची शेव त्याला भरवतात, आता प्लेट दिसली की तो डोक्यावरचा तुरा उभा करून किंचाळतो, ते चालतं का?

पंखवाला_सुदामानगर
मनूताई, शेव आजपासून बंद. शंभर ग्रॅमचासुद्धा जीव नाही तो, त्याच्या किडनीला आपल्या शेवेतलं मीठ कसं झेपणार. सासूबाईंना हौस असेल तर उकडलेल्या मक्याचे चार दाणे द्यायला सांगा, तेवढीच मजा.

सुटं पेलेट फुकट मिळालं तरी घेऊ नका. एक्स्पायरी कळत नाही, बरणी किती वेळा उघडली ते कळत नाही आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात मक्या-सोयाच्या मालाला ओल लागायला वेळ लागत नाही. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन लिव्हरला लागतं आणि ते डोळ्याला दिसतही नाही. रंगीत पण टाळा, रंगाने पक्षी लगेच मरतो असं नाही, पण त्याची शी बघून तर आपण तब्येत ओळखतो ना, लाल दाणे खाल्ले की शी लाल दिसते, मग उद्या खरंच रक्त पडलं तर कळणार कसं? झुप्रीम कंपनीचं फ्रुटब्लेंड रंगीत आहे पण त्यांचंच नॅचरल बिनरंगाचं येतं. राउडीबुशमध्ये रंग-साखर घालत नाहीत. हॅरिसनचं सुपरफाइन अगदी बारीक असतं, बजीला बरं पडतं, पण महाग आहे. माझं मत विचाराल तर नावापेक्षा तीन गोष्टी बघा, बिनरंगाचं, चोचीला झेपेल असं बारीक आणि ताजी तारीख. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, फोडल्यावर दीड-दोन महिन्यात संपेल एवढीच घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा, गॅसच्या ओट्याजवळ नको.

जुना_इंदौरी
आमच्या वेळेस मिठूला भिजवलेली चण्याची डाळ आणि हिरवी मिरची द्यायचो, वर्षानुवर्षं जगला, सीताराम पण म्हणायचा. हे पेलेट-बिलेट सगळं कंपन्यांचं मार्केटिंग आहे भिया.

चिऊताई_इंदौर
काका, मिठू आपला इथलाच पोपट, आणि तो पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो विषय सोडून देऊ. बजी आणि कॉकटिएल ऑस्ट्रेलियातले. तिकडे ते गवताचं बी खातात हे खरंय, पण कच्चंपक्कं, तऱ्हेतऱ्हेचं, आणि त्यासाठी दिवसभर उडत फिरतात. आपल्याकडे पिंजऱ्यात बसून सूर्यफूल चापतात, मग लिव्हरवर चरबी चढते. सुक्या बियांत व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम नसल्यातच जमा असतं, बजीला आयोडीन कमी पडलं तर गळ्यातली गाठ फुगते आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. पेलेटमध्ये हे सगळं मिसळलेलं असतं आणि मुख्य म्हणजे निवडून टाकता येत नाही.

मनू, खरी परीक्षा पेलेट आणल्यावर आहे. कॉकटिएल त्याला अन्न समजतच नाही, चावून भुगा करतो आणि आपल्याला वाटतं खाल्लं. बियांचंही तेच, वाटी भरलेली दिसते, फुंकर मारली की नुसती टरफलं उडतात. म्हणून अंदाजावर राहू नका, सराफ वापरतात तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, रोज सकाळी खायच्या आधी वजन करा. कॉकटिएल साधारण 80 ते 100 ग्रॅम, बजी 30-40. सुरुवातीच्या वजनापेक्षा दहा टक्के उतरलं, किंवा शी अगदी थोडी आणि काळपट हिरवी व्हायला लागली, तर हट्ट सोडून लगेच बिया द्या. भूक लागली की खाईल झक मारून, हे कुत्र्याला चालेल, इतके छोटे पक्षी एखाद दिवस उपाशी राहिले तरी गचकतात.

सकाळी भूक कडक असते तेव्हा आधी पेलेट, भुगा करून किसलेल्या गाजरावर किंवा ओल्या मेथीवर भुरभुरवा, संध्याकाळी मोजून बिया. हळूहळू बिया कमी. महिना लागू दे, दोन लागू देत. आणि शंभर टक्के पेलेटच्या मागे लागू नका, छोट्या पक्ष्यांना निम्म्याच्या आसपास पेलेट, बाकी भाजीपाला, शेवग्याचा पाला, लाल भोपळा आणि थोड्या बिया, असं बरेच डॉक्टर सांगतात. अवोकॅडो, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. पेलेट चालू झालं की पाण्यातले व्हिटॅमिनचे ड्रॉप्स बंद करा, ए आणि डी जास्त झालं तर तेही बाधतं.

पंखवाला_सुदामानगर
+1, वजनाचं तर बरोब्बर. काही बिघडलं आणि जवळ पक्ष्यांचं बघणारं कोणी नसेल तर इंदौरजवळ महूचं व्हेटरनरी कॉलेज आहे, जाताना गाडीत एसी थेट त्याच्यावर सोडू नका.

रामबागची_मनू
खूप खूप थँक्स! बिनरंगाचं लहान पॅक मागवते, काटा पण. बजींना कॉकटिएलचंच कुटून दिलं तर चालेल ना? आणि काकांची हिरवी मिरची?

चिऊताई_इंदौर
कुटून चालेल, फक्त कुटलेलं दिवसाच्या शेवटी टाकून द्यायचं. मिरची बिनधास्त द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही, व्हिटॅमिन ए पण मिळेल. भज्यातली नको पण.

जुना_इंदौरी
बघा, मिरचीचं मी आधीच बोललो होतो 😄