रविवारी तिकीट लावून वादसभा भरवली तर दंड: ब्रिटनचा १७८१ चा कायदा कोणाच्या हिताचा?

वाटसरू (धागाकर्ता):
ब्रिटिश संसदेने १७८१ मध्ये कायदा केला: रविवारी पैसे घेऊन करमणुकीचा कार्यक्रम ठेवला किंवा कुठल्याही विषयावर जाहीर वादसभा भरवली, तर जागा चालवणाऱ्याला दर रविवारी २०० पौंड दंड, अध्यक्षाला १०० आणि दारावर पैसे गोळा करणाऱ्याला ५०. चेस्टरचे बिशप बेल्बी पोर्टियस यामागे होते. लंडनमध्ये रविवारी संध्याकाळी लोक पैसे भरून बायबलच्या वचनांवर वाद घालायला जमत, ते त्यांना खुपत होतं. हा कायदा पुरता रद्द झाला तो २००३ च्या परवाना कायद्याने!

माझ्या मते नाव धर्माचं होतं, मार मात्र गरिबाला बसला. ज्याचा स्वतःचा दिवाणखाना आहे त्याने रविवारी हवी ती मैफल करावी, हवा तो वाद घालावा, कायदा त्याच्या दाराशी जात नाही. ज्यांना जागा नाही त्यांनी चार-चार पेनी काढून सभागृह भाड्याने घेतलं की गुन्हा. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्याने व्याख्यान ऐकायचं तरी कधी?

गिरणगावकर:
पूर्ण असहमत. रविवार मोकळा मिळावा म्हणून कामगारांना काय काय करावं लागलं ते मुंबईला विचारा. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. नाट्यगृह उघडलं की तिकीट विकणारा, झाडलोट करणारा, पडदा ओढणारा असे सगळे कामाला जुंपले. तुमची करमणूक म्हणजे त्यांची हजेरी. जर्मनीच्या राज्यघटनेत रविवार आजही विश्रांतीचा दिवस म्हणून राखलेला आहे, आणि दुकानं उघडायची गोष्ट निघाली की तिथल्या कामगार संघटना चर्चच्या बरोबरीने विरोधाला उभ्या राहतात.

वाटसरू:
लोखंड्यांबद्दल दुमत नाहीच. पण त्यांनी मालकाकडून सुट्टी मिळवली. त्या सुट्टीत कामगाराने कुठे जमायचं, हे सरकारने ठरवावं असं त्यांनी कधी मागितलं? १७८१ च्या कायद्यात कामाच्या तासांबद्दल अवाक्षर नाही. आणि कर्मचाऱ्यांची काळजी वेगळ्या कलमाने घेता येते. १९३२ च्या कायद्याने रविवारी सिनेमा दाखवायला वाट करून दिली, तेव्हा अट घातली की आधीचे सहाही दिवस कामावर असलेल्याला रविवारी लावायचं नाही. संरक्षण हवं तर असं हवं.

नीलाक्षी:
अंमलबजावणीचाही विचार करा. कुणीही उपटसुंभाने दावा लावावा आणि दंडाची रक्कम खिशात घालावी, अशी सोय होती. १८७५ मध्ये ब्रायटनचं मत्स्यालय याच कायद्यात सापडलं. लोक मासे बघायला गेले होते हो! शेवटी दंड माफ करण्याची मुभा देणारा वेगळा कायदा त्याच वर्षी करावा लागला. खबऱ्यांची ही पद्धत बंद झाली १९५१ मध्ये. जानेवारी १९७४ मध्ये विजेच्या टंचाईमुळे इंग्लंडमध्ये रविवारी फुटबॉलचे सामने ठेवले, तेव्हा प्रवेश फुकट, पण आत जायला तिकिटाच्या किमतीचं माहितीपत्रक घ्यायचं. सरळ वागणाऱ्या क्लबांना हे करायला लावणारा कायदा टिकवायचा कशाला?

गिरणगावकर:
खबरेगिरी वाईटच, तिचा बचाव मी करणार नाही. सभेवरची बंदीही चूक, इतकं मान्य. करमणुकीच्या धंद्याचं मात्र नाही. १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये रविवारी मोठी दुकानं उघडायला परवानगी मिळाली, आणि दुकानातल्या कामगारांना रविवारी नकार द्यायचा हक्क दिला. पण पाळ्या लावणारा साहेब समोर बसलेला असताना किती जणांची तो वापरायची छाती होईल? सगळ्यांना एकच दिवस बंद असेल तर नकार मागायला कुणापुढे उभं राहावं लागत नाही.

वाटसरू:
मग तो हक्क बळकट करा, त्यासाठी मी तुमच्याबरोबर सही करतो. पण सभा आणि तिकिटाचा कार्यक्रम असे वेगळे काढता येत नाहीत. भाडं देण्यापुरते पैसे दारावर घेतले की १७८१ च्या कायद्याला दोन्ही सारखेच.