मदत हवी आहे : जुन्या नाशिकचे स्वातंत्र्यापूर्वीचे नकाशे

नमस्कार मंडळी. भाचीला आर्किटेक्चरच्या प्रोजेक्टसाठी जुनं नाशिक मिळालंय, शोधाशोध अर्थातच मामाकडे. मुंबईचं भरपूर सापडतं : १८९६ ची प्लेगची साथ, त्यानंतर शहर सुधारायला नेमलेला १८९८ चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, दाट वस्तीतून काढलेला सँडहर्स्ट रोड. घरं गेली त्यांची सोय मागाहून. हे आजही ओळखीचं वाटतं! १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने वेगळी वाट काढली. सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, रस्ते आखायचे आणि मालकाला नीट आकाराचा अंतिम भूखंड परत द्यायचा. त्याच सुमारास स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस सांगत होते, सरसकट पाडू नका, पडकं घर तेवढं काढून मोकळा चौक करा. मला तरी हेच पटतं.

आता नाशिक. नगरपालिका १८६४ ची, म्हणजे कागद असणारच. सराफ बाजाराजवळ एका वाड्याचं जोतं रस्त्याच्या कडेला सरळ कापलेलं आहे. ओटा गायब, एक दगडी पायरी भिंतीला चिकटून उरलीय. हे रस्तारुंदीत गेलं की पुरात?

सिटी सर्व्हेचे (शहरातल्या जमीनमोजणीचे) जुने नकाशे बघायला अर्ज कुठे, कसा करायचा? गावठाणात कुणाकडे जुनी सनद (जागेच्या हक्काचा सरकारी कागद) किंवा नोटीस असेल तर फोटोही चालेल. नव्या डीपीची (विकास आराखड्याची) लिंक नको, ती आहे.