नागपुरात मानसशास्त्र संशोधनाची इंटर्नशिप: कुठे जावं, आधी काय विचारावं?

संत्राबर्फी:
नमस्कार. मी एम.ए. मानसशास्त्र, पहिलं वर्ष. दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटची ऑन जॉब ट्रेनिंग आहे, म्हणजे १२० तास. वर्गातल्या बहुतेक जणी समुपदेशन केंद्रांत जाऊन राहिल्या आहेत. मला मात्र संशोधनाचं काम करायचं आहे. प्रश्नावली कशी भरून घेतात, आकडे कुठून येतात, हे स्वतः करून बघायचं आहे. विचारायला गेलं की "आमच्याकडे तसं काही नसतं" एवढंच ऐकू येतं. एका खासगी ठिकाणी प्रमाणपत्रासाठी पाच हजार मागितले. प्रतापनगरला राहते, गाडी नाही. आणि आई म्हणते, मनोरुग्णालयात तर अजिबात नको. कुणाचा अनुभव असेल तर सांगा ना.

फुटाळा_संध्याकाळ:
पैसे भरू नको. प्रमाणपत्र मिळेल, काम शिकायला मिळणार नाही. मी एका ठिकाणी असे भरले आणि दोन महिने फक्त फायली लावल्या.

निळी_वही:
मी तुझ्यासारखीच शोधत होते, तेव्हा एका सिनियर ताईने सांगितलेलं तुला सांगते. एम.डी. मनोविकारशास्त्र करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. आपल्याकडे मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि मिहानमधलं एम्स आहे. ओपीडी, वॉर्ड आणि नाइट ड्युटी सांभाळून शंभर-दोनशे रुग्णांच्या प्रश्नावल्या भरून घेणं त्यांना जड जातं. त्यामुळे "इंटर्नशिप आहे का?" असं विचारलंस तर नाही म्हणतील. "कुणाच्या प्रबंधाला माहिती गोळा करायला मदत हवी आहे का?" असं विचार. परवानगी मात्र गाइडकडूनच, म्हणजे प्रबंधाच्या मार्गदर्शक डॉक्टरांकडूनच घे. संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातं का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीने जो आराखडा मंजूर केला, त्यात तुझं काम बसतं का, हे तेच सांगू शकतात.

मी अशाच एका प्रबंधावर काम केलं. पीएचक्यू-९ नावाची नैराश्याची प्रश्नावली होती. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. गेल्या दोन आठवड्यांत असं किती दिवस वाटलं, एवढंच विचारायचं. मला वाटलं होतं, यात काय अवघड आहे? पहिल्याच आठवड्यात काटोलकडचे एक आजोबा आले. "निराश वाटतं का?" म्हटलं, तर म्हणाले, "नाही बाई, निराश काहून? कशात मन लागत नाही, बस." त्या उत्तराला ० द्यायचा की ३? तिथे मला कळलं की भाषांतर हे किती नाजूक काम आहे. नीट करायचं तर एकाने मराठीत आणायचं, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायचं, आणि शेवटी थोड्या लोकांवर वापरून पाहायचं. आपण ओपीडीत बसून मनाने शब्द बदलायचे नाहीत. प्रत्येकाला वेगळा शब्द वापरला तर गुणांची तुलनाच करता येत नाही. मी आजोबांचं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं आणि संध्याकाळी गाइडना दाखवलं. अशी वही तूही ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच प्रश्नावलीत नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. "याला कुणी होकार दिला तर मी काय करायचं?" हे पहिल्या दिवशीच विचार. ठरलेलं उत्तर नसेल तर ती जागा घेऊ नको, कितीही मोठं नाव असो. माझ्यासमोर आईच्या वयाच्या एका बाईंनी "जवळजवळ रोज" म्हटलं. मला सांगून ठेवलं होतं: फॉर्म बाजूला ठेवायचा, त्यांना एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जायचं. मी त्यांचा हात धरून तीन खोल्या ओलांडल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गाइड दुसऱ्या दिवशी अर्धा तास फक्त माझ्याशी बोलले. देखरेख म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

अमरावती_रोड:
मी पदव्युत्तर विभागात शिकवतो. वरच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत. रुग्णालय जमलं नाही तर विद्यापीठातल्या पीएच.डी. करणाऱ्यांना विचार, त्यांचं काम बरेचदा शाळा-महाविद्यालयांत असतं. १८ वर्षांखालील मुलं असतील तर पालकांची लेखी संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही. विभागप्रमुखांचं पत्र घेतल्याशिवाय कुठे जाऊ नकोस. जामोवी हे आकड्यांचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, आतापासून हाताळ. आणि एक विनंती: उलट गुण द्यायची विधानं (म्हणजे ज्यांना "हो" म्हटलं की गुण कमी धरायचे) कोणती, हे माहिती भरण्यापूर्वी वहीत लिहून ठेव. दरवर्षी कुणा ना कुणाचं विश्लेषण तिथेच चुकतं.

कोराडी_रोड_ताई:
मी मनोविकार क्षेत्रात समाजकार्य करते. आईंना सांग की ओपीडीत येणारी माणसं तुमच्या-आमच्या घरातलीच असतात. झोप लागत नाही म्हणून आलेले काका, परीक्षेच्या भीतीने आलेला मुलगा. तू दिवसा, डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसणार. आईंची काळजी खोटी नाही, म्हणून तुझ्यावर देखरेख कोण करणार ते नावानिशी त्यांना कळव. तू मात्र रुग्णाचं नाव घरी, मैत्रिणींत, कुठेच काढायचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पाठ कर, ओपीडीबाहेर कुणी विचारलं तर देता येतो.

संत्राबर्फी:
ताई, सर, सगळ्यांचे मनापासून आभार. आईला हा धागा वाचून दाखवला. नवव्या प्रश्नाबद्दल ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, "विचारून ये." विभागप्रमुखांकडून उद्या पत्र घेते. मेडिकलला आधी जाऊ की एम्सला?

निळी_वही:
तुला मेडिकल जवळ. एम्सला खापरीपर्यंत मेट्रोने जाता येईल, पण पुढे ऑटो लागेल. सकाळी ओपीडीच्या गर्दीत कुणाला गाठू नकोस, रुग्ण आटोपल्यावर भेट. दुपारचं ऊन असेल, रुमाल आणि पाणी घे. गाइड काय म्हणाले ते इथे लिही.